नाव चार्ल्स मोल्टनचे, लेखणी जॉय हमेलची

चित्रकथा मनापासून वाचल्या नाहीत असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात क्वचितच सापडेल. १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागले आणि मुखवटा घातलेला वेताळ आपल्या घरोघरी येऊन बसला. १९६७ पासून अनंत पै यांच्या 'अमर चित्र कथा' आल्या. प्रवासात, सुट्टीत, कधीकधी तर पाठ्यपुस्तकाच्या आड धरून या पुस्तिका वाचल्या गेल्या. पण या कथा कोणी तरी बसून लिहिलेल्या असतात, हा विचार फार थोड्यांच्या मनात येतो. कादंबरी हाती घेतली की आपण आधी लेखकाचे नाव पाहतो. चित्रकथा हाती घेतली की नायकाचे नाव पाहतो. लेखक कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही.

अमेरिकेत या वाचकी सवयीचा फायदा प्रकाशकांनी पुरेपूर घेतला. तेथील महानायकांच्या चित्रकथांच्या पहिल्या दोन-तीन दशकांत कितीतरी लेखक आणि चित्रकार निनावी राहिले. अशा निनावी लेखकांपैकी एकीची ही हकीकत आहे. तिचे नाव जॉय हमेल. १९४४ ते १९४७ या काळात 'वंडर वुमन' या जगप्रसिद्ध नायिकेच्या कथा तिने लिहिल्या. त्या छापून आल्या, लाखो मुलामुलींनी वाचल्या. परंतु त्यांवर तिचे नाव नव्हते. तिच्या कामाचा पुरस्काराने गौरव झाला तो २०१८ साली. तेव्हा ती ९४ वर्षांची होती.

चित्रकथा लिहितात म्हणजे काय करतात?

प्रथम या लेखनाचे स्वरूप समजून घेऊ, कारण 'चित्रे तर चित्रकार काढतो, मग लेखकाला काम ते काय?' अशी शंका पुष्कळांना येते.

चित्रकथेची संहिता ही नाटकाच्या संहितेची आणि चित्रपटाच्या पटकथेची जवळची नातलग आहे. लेखक प्रथम कथानक रचतो. मग ते पानांत वाटतो आणि प्रत्येक पान चौकटींत वाटतो. प्रत्येक चौकटीसाठी त्याला तीन गोष्टी लिहाव्या लागतात. पहिली, चित्रात काय दिसावे: कोण कोठे उभा आहे, चेहऱ्यावर भाव कोणता, मागे काय आहे. दुसरी, चौकटीच्या माथ्यावरचे निवेदन. तिसरी, पात्रांच्या तोंडचे संवाद, जे फुग्यांत लिहिले जातात. जागा अगदी तुटपुंजी असते. एका फुग्यात दहा-पंधरा शब्दांहून अधिक कोंबले की चित्र झाकले जाते. शिवाय एका चौकटीत एकच क्षण दाखवता येतो. 'ती धावत आली, दार उघडले आणि किंचाळली' हे कादंबरीतले एक वाक्य. चित्रकथेत त्याच्या तीन चौकटी होतात. त्यांतली कोणती ठेवायची आणि कोणती वाचकाच्या कल्पनेवर सोडायची, हे ठरवण्यातच लेखकाचे कसब असते.

ही संहिता संपादकाकडे जाते. तो ती पसंत करतो, नाहीतर दुरुस्तीसाठी परत पाठवतो. मग ती चित्रकाराकडे, अक्षरे काढणाऱ्याकडे, रंग भरणाऱ्याकडे जाते. वाचकाच्या हातात पडते तेव्हा पाच-सहा जणांचे हात तिला लागलेले असतात. म्हणूनच यातील एखाद्याचे नाव गाळणे सोपे जाते. आणि प्रथम गळते ते बहुधा लेखकाचेच, कारण चित्र दिसते, संहिता दिसत नाही.

वंडर वुमनचा जन्म

१९३८ साली 'सुपरमॅन' आणि १९३९ साली 'बॅटमॅन' अवतरले. पुस्तिकांचा खप झपाट्याने वाढला, आणि तितक्याच झपाट्याने पालकांच्या व शिक्षकांच्या तक्रारीही वाढल्या. मारामाऱ्या, गुंड, रक्तपात यांनी मुले बिघडतील अशी ओरड सुरू झाली. त्या सुमारास विल्यम मोल्टन मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची मुलाखत १९४० साली 'फॅमिली सर्कल' या नियतकालिकात आली. चित्रकथांकडे हसण्यावारी नेऊ नका, त्यांत मोठे सामर्थ्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. प्रकाशक मॅक्स गेन्स याने त्याला सल्लागार म्हणून बोलावून घेतले.

मार्स्टन हा विलक्षण गृहस्थ होता. हार्वर्डची कायद्याची पदवी आणि १९२१ सालची मानसशास्त्रातील डॉक्टरेट त्याच्याजवळ होती. माणूस खोटे बोलताना त्याचा रक्तदाब वाढतो, या निरीक्षणावर आधारलेली चाचणी त्याने विद्यार्थिदशेतच तयार केली होती. असत्यशोधक यंत्राच्या इतिहासात त्याचे नाव येते ते यामुळे. स्त्रिया पुरुषांहून अधिक चांगल्या राज्यकर्त्या ठरतील, असे तो उघड सांगे. महानायकांच्या या गर्दीत एक स्त्री हवी, हा विचार त्याने प्रकाशकाच्या गळी उतरवला.

वंडर वुमन १९४१ च्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात प्रथम अवतरली. १९४२ च्या जानेवारीपासून 'सेन्सेशन कॉमिक्स' या मासिकाची ती नायिका झाली आणि त्याच वर्षी तिच्या नावाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. पुरुषांना प्रवेश नसलेल्या बेटावरची ही ॲमेझॉन राजकन्या. तिच्या मनगटांवर गोळ्या परतवणारी कंकणे आणि कमरेला एक जादूचा पाश. पाशात सापडलेल्याला तिची आज्ञा पाळावी लागते, खरे बोलावे लागते. असत्यशोधक चाचणीचा जनक या पाशातून हळूच डोकावतो, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी येईलच. चित्रे काढली हॅरी जॉर्ज पीटर याने.

लेखक म्हणून मात्र मार्स्टनचे नाव छापले गेले नाही. त्याने टोपणनाव घेतले 'चार्ल्स मोल्टन'. 'चार्ल्स' हे प्रकाशक गेन्सचे मधले नाव, 'मोल्टन' हे स्वतःचे. दोन पुरुषांच्या नावांचा जोड देऊन बनवलेल्या या नावाखाली पुढे एक तरुणी लिहिणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार!

उत्तरपत्रिकेतून नोकरी

जॉय हमेलचा जन्म ४ एप्रिल १९२४ चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. काही काळ मिडलबरी कॉलेजात शिकून ती न्यूयॉर्क शहरातल्या कॅथरिन गिब्स स्कूलमध्ये दाखल झाली. ही शाळा चिटणिसी कामाच्या शिक्षणासाठी नावाजलेली होती. टंकलेखन, लघुलेखन, कार्यालयीन पत्रव्यवहार आणि त्याच्या जोडीला थोडे मानसशास्त्र, असा अभ्यासक्रम. त्या काळी शिकलेल्या अमेरिकन मुलीला नोकरीची सर्वांत सहज उघडणारी दारे म्हणजे शिक्षिका, परिचारिका आणि चिटणीस. आपल्याकडेही कितीतरी मुलींनी पदवी घेता घेता टंकलेखनाची परीक्षा दिली ती याच हिशेबाने.

या शाळेत मानसशास्त्र शिकवायला मार्स्टन येत असे. जॉयची परीक्षेतील उत्तरे वाचून तो प्रभावित झाला. त्याने तिला न्यूयॉर्कच्या हार्वर्ड क्लबमध्ये चहाला बोलावले आणि चित्रकथा लिहिण्यात मदत करशील का, असे विचारले. मार्च १९४४ मध्ये ती कामावर रुजू झाली. विसावा वाढदिवस यायचा होता.

मार्स्टनला मदतनिसाची गरज का भासली, हेही पाहण्यासारखे आहे. मासिक, वंडर वुमनचे स्वतःचे नियतकालिक, शिवाय 'कॉमिक कॅव्हलकेड' नावाचा जाड त्रैमासिक अंक, एवढे काम आधीच होते. त्यात १९४४ च्या मे महिन्यापासून वर्तमानपत्रांसाठी वंडर वुमनची दैनंदिन चित्रपट्टी सुरू झाली. पन्नाशी ओलांडलेल्या एका माणसाला हे झेपण्यासारखे नव्हते. दुसरे कारण भाषेचे. वाचक होते शाळकरी मुले आणि तरुण सैनिक. त्यांच्या तोंडची चालू बोली प्राध्यापकाला कोठून येणार? ती जॉयला येत होती.

प्रथम तिने मार्स्टनच्या कथा टंकलिखित करण्याचे काम केले. थोड्याच दिवसांत ती स्वतः कथा लिहू लागली. 'शुक्रावरच्या पंखधारी कन्या' अशा अर्थाचे शीर्षक असलेली तिची कथा 'वंडर वुमन'च्या बाराव्या अंकात, १९४५ च्या वसंत ऋतूत, प्रसिद्ध झाली. विद्यार्थिनी म्हणून उत्तरपत्रिका लिहिल्यापासून अवघ्या एका वर्षात ती त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध नायिकेची लेखिका झाली होती.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. वंडर वुमन मानवी जगात वावरते ती डायना प्रिन्स या नावाने, आणि डायना प्रिन्सचा व्यवसाय काय? सैन्याच्या गुप्तवार्ता विभागातली चिटणीस! एवढेच नव्हे तर 'ऑल स्टार कॉमिक्स'मध्ये, जेथे लेखन दुसऱ्याच्या हाती होते, तेथे महानायकांच्या मंडळाने वंडर वुमनला आपल्यात घेतले ते चिटणीस म्हणून. पुरुष मंडळी जग वाचवायला बाहेर पडत आणि सर्वांत बलवान स्त्री कार्यालयात बसून इतिवृत्त लिही. चिटणिसीचे शिक्षण घेतलेली मुलगी चिटणिसाच्या वेशातल्या महानायिकेच्या कथा लिहीत होती. आणि टेबलाशी बसलेल्या त्या मुलीकडे फारसे कोणी पाहत नाही ही गोष्ट, कथेतली आणि कथेबाहेरची, दोन्हीकडे सारखीच खरी होती.

मार्स्टनचे आजारपण आणि जॉयची जबाबदारी

ऑगस्ट १९४४ मध्ये मार्स्टनला पोलिओ झाला. पुढे त्याचे हिंडणेफिरणे फार मर्यादित झाले. न्यूयॉर्कच्या कार्यालयात येणे अवघड होऊन बसले, तेव्हा जॉयच त्याच्या राय गावातल्या घरी जाऊ लागली. कथांची चर्चा तेथे होई. संहिता तयार झाल्या की त्या संपादक शेल्डन मेयर याच्याकडे नेणे, त्याची पसंती मिळवणे, चित्रकार पीटरशी बोलणे, हे सारे तिच्याकडे आले. कामावर लागून सहा महिनेही झाले नव्हते आणि कार्यालयाचा बराचसा भार एका वीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यांवर होता.

तिच्या कथा मार्स्टनच्या कथांची नुसती नक्कल होती काय? तसे नाही. मार्स्टनच्या कथांतील साखळदंड, दोरखंड आणि जखडलेल्या स्त्रिया हा त्या काळीही वादाचा विषय होता. स्त्रीला बंधनातून मुक्त होताना दाखवायचे तर आधी ती बंधनात दाखवली पाहिजे, असे मार्स्टनचे समर्थन. पण त्याच्या कथांत बंधनेच इतकी दिसत की बालवाङ्मयाच्या अभ्यासक जोसेट फ्रँक यांनी १९४३ साली प्रकाशकाला पत्र लिहून तीव्र नापसंती कळवली. तेव्हा प्रकाशकाने संपादकीय विभागातल्या डोरोथी रुबिचेक या तरुणीचे मत मागवले. साखळ्यांचा वापर न करता पात्रांना कोंडून ठेवण्याचे निरनिराळे मार्ग कोणते, याची यादीच तिने करून दिली, आणि ती मार्स्टनकडे धाडण्यात आली. त्याच्यावर फारसा परिणाम झाला नाही, हा भाग वेगळा.

जॉयच्या कथांत हा सोस नव्हता. तिचा ओढा परीकथेकडे, अद्भुत प्रदेशांकडे, साहसाकडे होता. आपल्या संहिता संपादक मेयर लवकर पसंत करी, कारण त्यांत भडकपणा कमी असे, असे तिने पुढे वृद्धपणी सांगितले आहे. एकाच नायिकेला दोन मने घडवीत होती. एकाला तिच्यातून सिद्धान्त मांडायचा होता, दुसरीला गोष्ट सांगायची होती.

तिच्या तयारीचा एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. मार्स्टनच्या घरात त्याची पत्नी एलिझाबेथ हिच्याबरोबर ऑलिव्ह बर्न नावाची दुसरी सहचारिणी राहत असे. हे कुटुंब नेहमीच्या चौकटीत बसणारे नव्हते आणि त्यांनी ते बाहेर कळू दिले नाही. ही ऑलिव्ह म्हणजे संततिनियमनाच्या चळवळीतील अग्रणी मार्गारेट सँगर यांची भाची. जॉय कामावर आली तेव्हा ऑलिव्हने तिच्या हातात सँगर यांचे १९२० सालचे 'वुमन अँड द न्यू रेस' हे पुस्तक ठेवले. वंडर वुमन समजून घ्यायची असेल तर हे वाच, एवढी एकच शिफारस! मुलांच्या रंगीत पुस्तिकेच्या मुळाशी स्त्रीच्या स्वातंत्र्याचा असा गंभीर विचार होता. याच सँगरबाई डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन महात्मा गांधींशी संततिनियमनावर वाद घालून गेल्या होत्या, आणि मुंबईत र. धों. कर्वे त्याच विषयासाठी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून लोकांची निंदा सोशीत होते. वर्ध्याच्या आश्रमात आणि न्यूयॉर्कच्या चित्रकथा-कार्यालयात एकाच विचाराचे पडसाद उमटावेत, हे जरा आश्चर्याचेच नव्हे काय?

१९४७: दोन घटना

२ मे १९४७ रोजी मार्स्टन कर्करोगाने वारला. त्याच वर्षी जॉयचे डेव्हिड मर्चिसन यांच्याशी लग्न झाले. त्यांना आधीच्या विवाहाची एक लहान मुलगी होती. तिच्या संगोपनासाठी जॉयने काम सोडले.

यावर आज कोणी हळहळेल, कोणी 'तिला सोडावे लागले' म्हणेल. पण हा तिचा निर्णय होता, आणि त्या मुलीला आई हवी होती. तेव्हा येथे निवाडा देण्याची घाई करू नये. एवढेच नमूद करावे की घर आणि लेखन यांतले एक निवडण्याचा प्रसंग मार्स्टनवर कधी आला नव्हता. त्याची मुले ऑलिव्हने सांभाळली, आणि घरखर्चासाठी एलिझाबेथ वर्षानुवर्षे नोकरी करीत राहिली.

मार्स्टनच्या मृत्यूनंतर एलिझाबेथने आपणास संपादनाचे काम द्यावे अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. वंडर वुमन आली रॉबर्ट कॅनिगर याच्या हाती आणि पुढची सुमारे दोन दशके त्याच्याकडे राहिली. तिचे काय झाले हे पाहायचे असेल तर 'सेन्सेशन कॉमिक्स'च्या ९४ व्या अंकाचे, १९४९ सालचे मुखपृष्ठ पाहावे. जी नायिका विमाने अडवीत असे, तिला ओढा ओलांडण्यासाठी तिचा प्रियकर हातांवर उचलून नेत आहे! पुढे तिने मुले सांभाळण्याचे काम केले, फॅशनची मॉडेल झाली, वर्तमानपत्रात प्रेमविषयक सल्ले दिले. अंकाच्या आतल्या पानांत पूर्वी 'इतिहासातील वंडर वुमन' असे सदर असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सुरुवात करून कर्तबगार स्त्रियांची चरित्रे त्यात दिली जात. ते सदर आकसत जाऊन नाहीसे झाले आणि त्या जागी लग्नाच्या चालीरीतींची माहिती आली. महायुद्धात कारखाने चालवणाऱ्या स्त्रियांना युद्धानंतर घरी पाठवले जात होते. वंडर वुमनलाही तसेच पाठवले गेले. चित्रकथा समाजाचा आरसा असते हे वाक्य पुष्कळदा उगाच वापरले जाते, पण येथे ते शब्दशः खरे आहे.

नाव का नव्हते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जॉयचे नाव कथांवर का नव्हते?

पहिले कारण व्यापारी. वाचकाला 'चार्ल्स मोल्टन' हवा होता. दर अंकाला लेखकाचे नाव बदलणे प्रकाशकाला परवडणारे नव्हते. दुसरे कारण कायद्याचे. या कथांचे हक्क लेखकाकडे राहत नसत. लेखक आपली मजुरी घेई आणि त्याचा संबंध संपे. ज्या वस्तूवर आपली मालकी नाही तिच्यावर आपले नाव तरी कशाला, असा हा हिशेब होता. तिसरे कारण प्रतिष्ठेचे. चित्रकथा लिहिणे ही फुशारकी मारण्याची गोष्ट नव्हती. पुष्कळ लेखकांना आपले नाव झाकलेलेच बरे वाटे. १९५४ साली फ्रेडरिक वेर्थम या मनोविकारतज्ज्ञाचे चित्रकथांवर तुटून पडणारे पुस्तक निघाल्यावर तर ही भीती अधिकच वाढली.

ही तिन्ही कारणे पुरुषांनाही लागू होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बॅटमॅनच्या निर्मितीत बिल फिंगर या लेखकाचा मोठा वाटा होता. पण करारान्वये नाव एकट्या बॉब केनचे लागे. फिंगर १९७४ साली वारला. त्याचे नाव अधिकृतपणे जोडले गेले २०१५ साली. तेव्हा हा अन्याय केवळ स्त्रियांवरचा नव्हे. तरीही एक फरक उरतोच. फिंगरचे मित्र, सहकारी, चाहते वर्षानुवर्षे त्याच्यासाठी बोलत राहिले, कारण पुरुषाने बॅटमॅन लिहिला असेल यात अविश्वसनीय काही नव्हते. एका वीस वर्षांच्या मुलीने वंडर वुमन लिहिली असेल, हा प्रश्न विचारावा असेच पुष्कळ काळ फारसे कोणाला सुचले नाही. एकाचे नाव दडपले गेले, दुसरीचे कोणाच्या कल्पनेतच आले नाही.

मराठी वाचकाला येथे 'विभावरी शिरूरकर' आठवतील. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा या नावामागे कोण, यावर केवढे काहूर माजले! परंतु मालतीबाई बेडेकरांनी ते नाव स्वतः निवडले होते, आणि ते स्त्रीचे होते. समाजाच्या रोषापासून स्वतःला वाचवून मनातले बोलण्यासाठी तो त्यांनी घेतलेला आडोसा होता. जॉयच्या बाबतीत आडोसा दुसऱ्याने बांधलेला होता आणि आत बसायला ती आली. स्वतः घेतलेले टोपणनाव आणि वर लादलेले निनावीपण, यांत हे अंतर आहे.

सत्तर वर्षांनंतर

जॉयने आपली कागदपत्रे टाकून दिली नव्हती. जुन्या संहिता, पत्रे, अंक तिने जपून ठेवले होते. हार्वर्डच्या इतिहासकार जिल लेपोर मार्स्टनच्या चरित्राचा शोध घेत होत्या. त्यांनी जॉयला गाठून तिच्या मुलाखती घेतल्या, आणि २०१४ साली 'द सीक्रेट हिस्टरी ऑफ वंडर वुमन' या ग्रंथात तिची हकीकत सविस्तर आली. पुढे जॉयने आपला संग्रह स्मिथसोनियन संस्थेच्या ग्रंथालयाला दिला. ज्या पुस्तिका वाचल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला, त्यांच्या संहिता राष्ट्रीय संस्थेच्या कपाटात जाऊन बसल्या.

२०१८ साली सॅन डिएगो येथील वार्षिक चित्रकथा-मेळाव्यात तिला चित्रकथा-लेखनासाठीचा 'बिल फिंगर' पुरस्कार देण्यात आला. न्याय न मिळालेल्या लेखकाच्या नावाने, न्याय न मिळालेल्या लेखकांना दिला जाणारा हा पुरस्कार. त्याच वर्षीचा दुसरा मरणोत्तर पुरस्कार मिळाला डोरोथी वूल्फोक यांना. या म्हणजे साखळ्यांना पर्याय सुचवणारी यादी करणारी तीच डोरोथी रुबिचेक! एकाच नायिकेसाठी, एकाच काळी, पडद्यामागे राबलेल्या या दोन तरुणींची नावे सात दशकांनी एकाच व्यासपीठावरून उच्चारली गेली. जॉय मर्चिसन केली (दुसऱ्या विवाहानंतरचे हे तिचे नाव) ५ एप्रिल २०२१ रोजी, सत्त्याण्णवावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, निवर्तली.

नंतरच्या लेखिका

जॉयनंतर 'वंडर वुमन'वर लेखिका म्हणून स्त्रीचे नाव छापले जायला १९८३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तीनशेव्या अंकावर पती रॉय थॉमस यांच्या जोडीने डॅन थॉमस यांचे नाव आले. (डॅन हे येथे स्त्रीचे नाव आहे.)

पुढच्या पिढीतील गेल सिमोन यांची कारकीर्द जॉयच्या कारकिर्दीशेजारी ठेवून पाहावी. ऑरेगॉन राज्यातल्या या बाई केशकर्तनाचा व्यवसाय करीत. १९९४ च्या 'ग्रीन लँटर्न'च्या ५४ व्या अंकात नायकाच्या प्रेयसीला ठार मारून तिचे प्रेत शीतकपाटात कोंबलेले दाखवले होते. नायकाला सूड घ्यायला निमित्त मिळावे म्हणून स्त्री पात्रांचा असा बळी किती वेळा दिला गेला, याची यादी सिमोन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केली. त्या यादीने चित्रकथांच्या जगात मोठी चर्चा उसळली. टीका करणाऱ्या या वाचक बाईला पुढे स्वतः लिहिण्याची संधी मिळाली. 'बर्ड्स ऑफ प्रे', 'सीक्रेट सिक्स', आणि २००७ च्या अखेरीपासून २०१० पर्यंत स्वतः 'वंडर वुमन' त्यांनी लिहिली. डिसेंबर २०१२ मध्ये 'बॅटगर्ल'च्या लेखनावरून त्यांना एका ई-पत्राने दूर करण्यात आले. वाचकांनी एवढा गदारोळ केला की त्याच महिन्यात त्यांना परत बोलावणे भाग पडले.

१९४७ आणि २०१२ यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो. सिमोन यांच्यासाठी वाचक भांडले, कारण मुखपृष्ठावर त्यांचे नाव होते. जॉय काम सोडून गेली तेव्हा वाचकांना काही कळलेच नाही. 'चार्ल्स मोल्टन' तर जागच्या जागी होता. मार्स्टन वारला, जॉय गेली, नायिका दुबळी झाली, तरी मुखपृष्ठावर सारे आलबेल! नाव छापणे हा केवळ मानपानाचा प्रश्न नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. नाव असले की लेखकाला जबाबदार धरता येते, त्याची बाजू घेता येते, आणि तो गेला तर त्याची उणीव भासते. नाव नसले की माणूस बदलता येतो आणि वाचकाला पत्ता लागत नाही.

चित्रकथांचे उदाहरण आपल्याला लांबचे वाटेल, पण ते तसे लांबचे नाही. स्मरणिका, गौरवग्रंथ, पाठ्यपुस्तके, पुढाऱ्यांची भाषणे, फार कशाला, प्राध्यापकांच्या नावावर निघणाऱ्या मार्गदर्शिका यांतली किती वाक्ये कोणा विद्यार्थ्याने, कोणा टंकलेखिकेने लिहिलेली असतात! त्यांतील बहुतेकांना पुरस्कार नको असतो. जॉय हमेलनेही तो मागितला नव्हता. तिने फक्त संहितांच्या प्रती फेकून दिल्या नाहीत. इतिहासकार दाराशी आली तेव्हा दाखवायला तिच्याजवळ कागद होता. लिहिणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि मुलाने एवढे तरी करावे: आपल्या लेखनाची एक प्रत, वर तारीख घालून आणि खाली नाव लिहून, स्वतःजवळ ठेवावी.